५६–३ झाल्यावरही का मारत राहतात?

बॉयलरची आई · शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५, पहाटे १:१०

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. मुलगी पर्ड्यू विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. थँक्सगिव्हिंगला मी तिच्याकडे वेस्ट लफायेतला आले आणि शुक्रवारी रात्री ती मला इंडियाना विद्यापीठाविरुद्धच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याला घेऊन गेली. दोन स्वेटर, त्यावर कोट, त्यावर तिनं गुंडाळलेला काळा-सोनेरी मफलर. निकाल ५६–३. ते तीन आमचे.

गेल्या वर्षी ब्लूमिंग्टनला, इंडियानाच्या घरी, ६६–० झालं होतं. तो सामना मी टीव्हीवर पाहत होते, मध्येच बंद करून भांडी घासायला गेले. इथे ती सोय नव्हती. शेवटी शेवटी आमच्या रांगेत आम्ही दोघी आणि पर्ड्यूची टोपी घातलेले एक आजोबा, एवढेच उरलो. बाकी सगळीकडे इंडियानाचे लाल कोट.

फुटबॉल मला फारसं कळत नाही, क्रिकेट कळतं. तिथे धावा पुरेशा झाल्या की डाव घोषित करतात. इथे तसं काही नाही का? सामना केव्हाच जिंकलाय, तरी पुन्हा टचडाउन, पुन्हा बँड. समोरची पण विशीतली पोरंच ना?

दुसरं म्हणजे, आमच्या बिग टेन लीगमध्ये आता अठरा कॉलेजं आहेत म्हणतात (दहा का नाहीत ते विचारत नाही). मग याच दोघांना दर वर्षी का खेळवायचं? लेक म्हणाली, "आई, बादली असते ना." खरंच बादली आहे, जुनी, लाकडी, जिंकणाऱ्याला मिळते.

निघताना आजोबा म्हणाले, "पुढच्या वर्षी भेटू." हसू की रडू तेच कळेना.

कोलंबसकर · शनिवार, सकाळी ९:४०

ताई, १२ वाजता आमचा, म्हणजे ओहायो स्टेटचा, अ‍ॅन आर्बरला मिशिगनशी सामना आहे आणि पोटात गोळा आलाय. गेली चार वर्षं हरतोय. त्यामुळे आत्ता निम्मंच लिहितो. उरलेलं संध्याकाळी, लिहिण्यासारखी अवस्था राहिली तर.

डाव घोषित करता येत नाही. मात्र दोन्ही कोच आणि मुख्य पंच यांचं एकमत झालं तर उरलेला वेळ कमी करता येतो, नियमात तशी सोय आहे. पण मागणार कोण? हरणाऱ्यानं मागायचं तर नाक खाली आणि जिंकणाऱ्यानं सुचवलं तर तो अपमान. म्हणून घड्याळ आपलं चालू राहतं.

आणि शेवटी जी पोरं धावत असतात ती बहुतेक वेळा राखीव असतात. वर्षभर पहाटे उठून सराव करायचा, सामन्यात बाकावर बसायचं. त्यातल्या एखाद्याच्या हातात अखेर बॉल आला आणि समोर मोकळं रान दिसलं, तर "बाळा, इथेच आडवा हो" असं कुठल्या तोंडानं सांगणार? माझं मत असं: राखीव पोरं उतरवली असतील तर त्यांनी केलेल्या गुणांबद्दल तक्रार नको. पहिली फळी शेवटपर्यंत मैदानात ठेवून लांब लांब पास टाकत असतील तर खुशाल शिव्या घाला, मीही घालेन.

रागावू नका, पण २०२४ चा हंगाम पर्ड्यूनं कसा सुरू केला होता? इंडियाना स्टेटला ४९–०. त्या रात्री झोप लागली होती ना? ती खालच्या गटातली टीम. मोठी कॉलेजं अशा टीमना पैसे मोजून घरी बोलावतात. त्यांचा वर्षाचा खर्च थोडा सुटतो, यांना एक विजय मिळतो. हंगामानंतरचा बाउल सामना गाठायला सहा विजय लागतात, त्यात खालच्या गटावरचा एकच धरतात. कधीकधी बोलावलेला पाहुणाच यजमानाला झोडपून जातो. १ सप्टेंबर २००७ ला अ‍ॅपालाचियन स्टेट चार लाख डॉलर घेऊन अ‍ॅन आर्बरला आली आणि पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला ३४–३२ हरवून गेली. ती तारीख आमच्या घरी कॅलेंडरवर नसली तरी पाळली जाते.

चला. देवापुढे दिवा लावून बसतो.

शंकाखोर · शनिवार, सकाळी ११:०५

वेळापत्रकाचं मी सांगतो.

वर्षाला बारा सामने. त्यातले नऊ बिग टेनचं ऑफिस ठरवतं, तीन कॉलेज स्वतः ठरवतं. २०२४ ला यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन आले, आकडा अठरावर गेला. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. म्हणून बारा जोड्या कायमच्या राखल्या आणि बाकीचे आळीपाळीनं, पाच वर्षांत प्रत्येकाशी किमान दोनदा गाठ पडेल असे. पर्ड्यूच्या वाट्याला दोन कायमच्या जोड्या आहेत, इंडियाना आणि इलिनॉय. (इलिनॉयशी तोफेसाठी खेळता. बादली, तोफ... तिकडे आयोवा आणि मिनेसोटा डुकराच्या पुतळ्यासाठी खेळतात. एकदा भंगाराचं दुकानच काढा म्हणावं.) आयोवाच्या तीन जोड्या राखल्यात, पेन स्टेटची एकही नाही.

तुमचं खरं दुखणं बादली नाही, ती आळीपाळी आहे. २०२४ ला पर्ड्यूच्या वाट्याला काय आलं बघा: नॉत्र दाम ७–६६, ओरेगन ०–३५, ओहायो स्टेट ०–४५, पेन स्टेट १०–४९, इंडियाना ०–६६. पाचही जण त्या वर्षी देशाचा विजेता ठरवणाऱ्या बारा संघांच्या प्लेऑफमध्ये होते. नॉत्र दाम बिग टेनमध्ये नाही, तो सामना कॉलेजनं स्वतः घेतलेला. एकूण १–११, आणि शेवटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी कोचला नारळ. पण वेळापत्रक आखणाऱ्याला कसं कळावं की २०२३ ला ३–९ असलेली इंडियाना नवा कोच येताच अशी उसळेल? आता खेळाडूही दर वर्षी कॉलेज बदलू शकतात. तो कोच जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आला तो स्वतःची डझनभर पोरं घेऊनच. पाच वर्षांचं वेळापत्रक आणि एका वर्षाचा संघ, जमायचं कसं?

आणखी एक, ६६–० च्या आदल्याच आठवड्यात इंडियाना ओहायो स्टेटकडून ३८–१५ हरली होती. सोप्या वेळापत्रकावर मोठी झालेली टीम, असं जो तो बोलत होता. त्या आठवड्यात इंडियाना कुणावर दया दाखवेल ही अपेक्षाच चूक.

स्टिलवॉटरची सून · शनिवार, दुपारी २:२०

मी ओक्लाहोमा स्टेटवाली, लग्नानं. सासरे, दीर, नवरा सगळे तिथलेच. यंदा ६ सप्टेंबरला ओरेगननं आम्हाला ६९–३ मारलं. त्याच महिन्यात, वीस वर्षं असलेला कोच गेला. त्यामुळे बॉयलरची आई, तुमच्या ५६ चं मला कौतुक नाही.

पण तुम्ही "दर वर्षी का खेळवायचं" म्हणालात ना, ते वाचून कसंतरीच झालं. आमचा दर वर्षीचा सामना ओक्लाहोमाशी असायचा, बेडलम म्हणायचे. शंभर वर्षांहून जुना. मग ओक्लाहोमा टेक्ससबरोबर एसईसी या दुसऱ्या लीगमध्ये गेली, टीव्हीचा पैसा तिकडे जास्त. शेवटचा बेडलम ४ नोव्हेंबर २०२३ ला आमच्या मैदानावर झाला. आम्ही २७–२४ जिंकलो. पोरांनी गोलपोस्ट उपटले. सासरे, जे एरवी जेवतानासुद्धा बोलत नाहीत, ते रडले.

आणि मग काहीच नाही. पुढच्या नोव्हेंबरात सासऱ्यांचा मेहुणा घरी आला (तो ओक्लाहोमावाला, घरातला एकटाच), तर दोघं बसले हवापाण्याचं बोलत. चिडवायला विषयच नाही. सासरे आयुष्यभर बहुतेक वेळा हरणाऱ्या बाजूला होते, आणि जिंकून बसले तेव्हा खेळच बंद. मला वाटतं त्यांना पुन्हा हरायलाही चाललं असतं.

कोलंबसकर · शनिवार, संध्याकाळी ६:३०

२७–९!!! सुरुवातीला ०–६ मागे होतो, तेव्हा बायकोनं मला गॅरेजमध्ये पाठवलं, मी असलो की हरतो म्हणून. निम्मा सामना मी रेडिओवर, बर्फ काढायच्या फावड्याशेजारी ऐकला. आता निवांत लिहितो.

स्टिलवॉटरच्या सूनबाईंनी माझा मुद्दा माझ्याआधीच मांडला, तरी जरा इतिहास.

२००३ ला मी इथे एमएसला आलो. नोव्हेंबरात एका सकाळी डिपार्टमेंटला गेलो तर पाटीवरच्या 'मेकॅनिकल'च्या इंग्रजी एमवर लाल टेपची फुली. मला वाटलं कुणीतरी टवाळी केली, ऑफिसात सांगायला गेलो. तिथल्या बाई हसत सुटल्या. मिशिगनच्या आठवड्यात सगळ्या कॅम्पसवर एमची हीच गत असते.

मग जुन्या गोष्टी वाचत गेलो. १९६८ ला आम्ही मिशिगनला ५०–१४ मारलं. शेवटचा टचडाउन झाल्यावर कोच वुडी हेस एका गुणाची किक न घेता दोन गुणांच्या मागे गेले. का, तर म्हणे तीन घेता येत नव्हते. ते खरंच असं बोलले का यावर इथे अजून वाद होतात, पण गोष्ट प्रत्येकाला तोंडपाठ. पुढच्या वर्षी मिशिगननं बो शेम्बेक्लर यांना कोच आणलं, जे वुडींच्याच हाताखाली तयार झालेले. आम्ही सलग २२ सामने जिंकून गेलो आणि तिथे २४–१२ हरलो. ५०–१४ झालं नसतं तर ते २४–१२ झालं असतं का? मला नाही वाटत.

अलाबामा आणि ऑबर्नचं तर याहून भारी. १९०७ ला ६–६ बरोबरी झाली आणि त्यानंतर प्रवासाचे रोजचे पैसे किती, खेळाडू किती आणायचे, पंच कुठला, यावरून बिनसलं. एकेचाळीस वर्षं एकमेकांशी खेळलेच नाहीत! १९४८ ला पुन्हा सुरू झालं तेव्हा अलाबामानं ५५–० मारलं. तुमच्यासारखी कुणी आई तेव्हाही म्हणाली असेल, कशाला सुरू केलं. १९४९ चा निकाल: ऑबर्न १४, अलाबामा १३.

आमचंही तेच. २०१८ ला ६२–३९, २०१९ ला ५६–२७, आम्ही मजेत. २०२० चा सामना कोविडनं रद्द, आणि मग सलग चार पराभव. गेल्या वर्षी आमच्याच मैदानावर १३–१०. त्यानंतर आम्ही देशाचे विजेते झालो, तरी जानेवारीत मित्र अभिनंदन करून पुढे म्हणायचे, "पण मिशिगन?"

मला ५६–३ चालतं, फक्त तारीख ठरलेली हवी. हरणाऱ्याकडे त्या रात्री पुढच्या नोव्हेंबरशिवाय दुसरं काही नसतं. टेक्ससनं २०११ ला टेक्सस ए अँड एमला शेवटच्या क्षणी किक मारून २७–२५ हरवलं आणि एसईसीच्या नादात सामनाच बंद पडला. ए अँड एमवाल्यांनी ती किक २०२४ पर्यंत गिळली. आणि तेरा वर्षांनी घरच्या मैदानावर खेळले तर पुन्हा हरले, १७–७! पण निदान हरायला तरी मिळालं.

हो, आणि २०२१ ला बादलीचा निकाल काय होता ते लेकीला विचारा.

शंकाखोर · शनिवार, संध्याकाळी ७:१५

पर्ड्यू ४४, इंडियाना ७. लेक तेव्हा शाळेत असेल, मीच सांगतो.

एसईसीवाले २०२६ पासून नऊ सामने खेळणार, प्रत्येकाचे तीन प्रतिस्पर्धी दर वर्षीचे ठरलेले. टेक्सस आणि ए अँड एम त्यात आहेत. बेडलमला त्यात जागा नाही, दोघं वेगळ्या घरात.

बॉयलरची आई · रविवार, सकाळी १०:००

सगळ्यांचे आभार. ४९–० ला मी शांत झोपले होते, मान्य. लेकीनं व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल पाठवला होता आणि मी अंगठा दाखवून दिवा मालवला होता. इंडियाना स्टेटच्या एकाही आईचा विचार मनात आला नव्हता.

४४–७ लेकीला माहीत होतं. वर तिनं ऐकवलं की बादलीच्या साखळीला दर वर्षी जिंकणाऱ्याचं ब्राँझचं अक्षर जोडतात, आय किंवा पी. १९२५ ला पहिलाच सामना ०–० सुटला, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही अक्षरं एकत्र आहेत. पी जास्त आहेत, हे तिनं तीनदा सांगितलं.

सूनबाई, तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

पुढचा सामना ब्लूमिंग्टनला. तिथे स्टेडियमजवळ गाडी लावायला जागा मिळते का, की लांबून चालत यावं लागतं? आणि लाल कोटवाल्यांच्या मधोमध बसावं लागू नये म्हणून तिकीट कुठल्या बाजूचं घ्यायचं?