लडाखला हलका रणगाडा हवाच, की तोच पैसा ड्रोनवर घालावा?

घाटवाट: डिसेंबर 2024 मध्ये लडाखातल्या न्योमाला, 4200 मीटरच्या वर, झोरावर या हलक्या रणगाड्यानं चाचणीत गोळे डागले. डीआरडीओ आणि लार्सन अँड टुब्रोचा हा रणगाडा 25 टनांचा, तोफ 105 मिमी. माझ्या मते तो खूप आधी यायला हवा होता. चीनचा हलका रणगाडा टाइप-15 सुमारे 33 टनांचा आणि उंच पठारावर लढायलाही बनवलेला. आपला टी-90 46 टनांचा. विरळ हवेत इंजिनाचा दम निघतो, थंडीत इंधन-वंगण गोठू नये म्हणून रात्रीही इंजिन सुरू करावं लागतं.

1948 च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धातली, काश्मीरहून लडाखला जाणाऱ्या वाटेवरची झोजिला खिंड आठवा. 7 लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटचे हलके स्टुअर्ट रणगाडे, तोफेचा फिरता बुरूज उतरवून, ओळखू येऊ नयेत म्हणून ताडपत्री टाकून श्रीनगरमार्गे वर नेले. सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, खेचरांची वाट रुंद केली होती. 1 नोव्हेंबरला रणगाडे खिंडीत घुसले आणि अडलेली लढाई फिरली. अवजड रणगाडा त्या वाटेनं गेलाच नसता.

तोफची: अजिबात सहमत नाही. झोजिलाला समोर रणगाडाविरोधी शस्त्रं कुठे होती? आज युक्रेन बघा. फ्रान्सनं दिलेली एएमएक्स-10 आरसी ही हलकी चिलखती गाडी 2023 मध्ये हल्ल्यात वापरली, तर जवळ फुटलेल्या गोळ्याच्या तुकड्यांनीच चिलखत भेदलं, आतली माणसं गेली. वर आता ड्रोन. लडाखात झाडाचाही आडोसा नाही. अमेरिकेनंही आपला हलका रणगाडा एम-10 बुकर 2025 मध्ये गुंडाळला. आपण पातळ चिलखतात पोरं का बसवायची?

घाटवाट: बुकरचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. तो हलका म्हणून नाही, जड झाला म्हणून नकोसा झाला. आणि एएमएक्स-10 ही टेहळणीची गाडी, तिला थेट खंदकांवर सोडली. हलक्या कॅव्हलरीचं, म्हणजे चपळ रणगाडा दलाचं, काम वेगळं: आधी पोचायचं, मोक्याची जागा धरायची, मागून जड दल येईपर्यंत टिकायचं.

पँगाँग: पण ऑगस्ट 2020 मध्ये चीनशी तणाव असताना लडाखातल्या कैलास रांगेवर, रेचिन ला खिंडीत, आपले जड रणगाडेच चढले ना? चिनी टाइप-15 असूनही आपण आधी पोचलो.

घाटवाट: कारण ते आधीपासून लडाखात होते. पुढची कुरापत दुसऱ्याच खोऱ्यात निघाली तर? 1962 च्या चीन युद्धात लडाखातल्या चुशूलला एएमएक्स-13 हे हलके रणगाडे विमानानं उतरवता आले, ते जेमतेम 15 टनांचे होते म्हणून. पूल, वळणं, धावपट्टी, सगळीकडे वजन आडवं येतं.

तोफची: पोचण्याचा मुद्दा मान्य, टिकण्याचा नाही. लष्कराला असे 354 रणगाडे हवेत, त्यातले पहिले 59 झोरावर. ते 59 घ्या. पण प्रत्येक तुकडीसोबत ड्रोन पाडणारी यंत्रणा आणि स्वतःचे टेहळणी ड्रोन असल्याशिवाय उरलेल्यांना माझा विरोधच राहील.