मदत हवी आहे: ‘घातला आहे’, ‘बसला आहे’ यांचं इंग्रजी मुलांना कसं समजवावं?

नमस्कार. इंदूरला सहावी-सातवीच्या मराठी घरांतल्या आठ मुलांना इंग्रजी शिकवते. एकाच चुकीपाशी महिनाभर अडले आहे.

‘त्याने लाल शर्ट घातला आहे’ याचं मुलं ‘ही हॅज वॉर्न अ रेड शर्ट’ करतात, ‘आजोबा राजवाड्यासमोर बसले आहेत’ याचं ‘हॅज सॅट’. हवं आहे ‘इज वेअरिंग’, ‘इज सिटिंग’. शाळेतली हिंदीही इथे उपयोगी पडत नाही, कारण तिकडेही ‘बैठे हैं’च.

‘क्रिया चालू असेल तर आयएनजी’ सांगितलं, तर एकीने विचारलं, “ताई, शर्ट तर घालून झाला, मग चालू काय आहे?” प्रश्न अगदी रास्त! मग ‘पुट ऑन’ ही क्रिया आणि ‘वेअर’ ही स्थिती, असं करून दाखवलं. ते पटलं, पण लगेच ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ सुरू झालं, कारण माहीत असणं हीसुद्धा स्थितीच. ‘बसला आहे’ऐवजी ‘बसलेला आहे’ म्हणता आलं तर आयएनजी, ही युक्तीही फसली. ‘आलेला आहे’ही चालतं, आणि तिथे ‘हॅज कम’च बरोबर.

क्रियापदांची यादी पाठ करून घ्यायची नाहीये, व्याकरणाच्या जड संज्ञाही नकोत.

मराठी वाक्यालाच लावून बघता येईल अशी एखादी कसोटी आहे का, जिने ‘बसला आहे’, ‘आला आहे’ आणि ‘माहीत आहे’ हे तिन्ही वेगळे पडतील?