उन्हाळ्यात रानात कुठे कुठे हिंडायचात? (भंडारदरा-राजूरकडचे, या इकडे)

रानजाई:
काल पुण्यात मंडईबाहेर एक मावशी पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. वास आला आणि पाय तिथंच थांबले. आमचं आजोळ रतनवाडीचं. तिकडे करवंदं विकत घेतो म्हटलं असतं तर मामानं डोकं तपासायला नेलं असतं.
सुट्टीत आजी पहाटेच उठवायची, हिरडा गोळा करायला. बाळहिरडा अंगणात वाळवून व्यापाऱ्याला घालायचा. आमची मजुरी म्हणजे येताना जाळीतली करवंदं, हवी तेवढी. हात ओरबाडलेले, ओठ चिकानं चिकट. दुपारी अमृतेश्वराच्या दगडी मंडपात पालथं पडायचं, बाहेर आग आणि पोटाखाली गार फरशी. मे सरता सरता वळीव पडला की रात्री काजवे. सादड्याचं अख्खं झाड एकदम पेटायचं, एकदम विझायचं. आजी म्हणायची, आता पेरणीचं बघा.
तुम्ही कुठे जायचात?

पिठलंभाकर:
कोंबडा की कोंबडी खेळलात की नाही ते आधी सांगा!! करवंद आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी. मी कायम हरायचो. भाऊ आधीच दातानं चिरून बघायचा हे लग्न झाल्यावर कळलं.

बारीकर:
आमच्याकडे कळसूबाईला ट्रेक म्हणत नाहीत, देवीला जाणं म्हणतात. पहाटे तीनला निघायचं, ऊन चढायच्या आत खाली. १६४६ मीटर, महाराष्ट्रात सगळ्यात उंच, हे शाळेत गेल्यावर कळलं. त्याआधी वाटायचं सगळ्यांच्याच गावामागे एवढा डोंगर असतो. आज्जी नऊवारीत, अनवाणी. शिडीवर मी रडायला लागलो की मागून म्हणायची, "खाली बघू नको, खाली काय ठेवलंय?" वर देवळापाशी गूळ-खोबरं. इतकं गोड पुन्हा काही लागलं नाही. (कुकर झाला, येतो)

सांजवेळ:
करवंदांवरून आठवलं, कच्च्या करवंदाच्या लोणच्याला चीक कसा काढायचा? मागच्या वर्षी कडू झालं.

रानजाई:
@सांजवेळ चिरून बिया काढायच्या न् मिठाच्या पाण्यात ठेवायची, ते पाणी फेकायचं. हाताला तेल लावून चिर, नाहीतर बोटं चिकटतील.

घाटवाट:
आम्ही साम्रदचे. सांदण दरीत गुरांमागे जायचो, तेव्हा तिला कुणी व्हॅली म्हणत नव्हतं. वर बघितलं की आभाळाची चिंधी. मे महिन्यातही पाण्याचा गारठा असा की दात वाजायचे. पहिल्या डोहापुढं पोरांना बंदी. आणि वर कुठं ढग दिसला की बाप लांबून हाका मारायचा, कारण पाणी आलं तर पळायला जागाच नाही.

एसटीची_खिडकी:
काजव्यांचं नाव काढू नका. दोन वर्षांपूर्वी मुलीला दाखवायला नेलं, घाटघरच्या रस्त्यावर दोन तास गाड्यांच्या रांगेत. हेडलाइट, गाणी, मोबाइलचे टॉर्च. काजवा लुकलुकतो तो जोडीदारासाठी, एवढ्या उजेडात त्याला कोण दिसणार? मुलगी म्हणाली, आई, गाड्याच जास्त चमकतायत. बंदच करा हे सगळं.

घाटवाट:
@एसटीची_खिडकी ताई, बंद करा म्हणणं सोपंय. माझे चार तंबू आहेत, घरची पिठलं-भाकरी देतो. त्या पंधरा-वीस दिवसांवर पोरांच्या वह्या-पुस्तकं निघतात. हिरड्याला भाव कुठं राहिलाय? दिवे बंद करा म्हणा, गाड्या लांब लावा म्हणा. मी माझ्याकडच्यांचे टॉर्च काढून घेतो, शिव्या खातो.

एसटीची_खिडकी:
बरोबर आहे दादा, रागात लिहिलं. यंदा तुमच्याकडेच येऊ. टॉर्च घरी ठेवून.

कोरडीविहीर:
सगळ्यांचं गोड गोड चाललंय म्हणून सांगते. आमची उन्हाळी सहल म्हणजे हंडा घेऊन झरा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ चं, पाणी खाली कालव्याला. धरण उशाला, कोरड घशाला. पण खोटं कशाला बोलू, झऱ्यावर मैत्रिणी भेटायच्या, हंडा भरेपर्यंत तास जायचा. तेवढ्या वेळात कुणाचं कुणाशी जमलंय ते सगळं कळायचं. 😄 धरण आटलं की भाऊ त्या भेगाळलेल्या गाळात क्रिकेट खेळायचे. सिक्स मारला तर चेंडू चिखलात, आणणार कोण यावर मारामारी.

पिठलंभाकर:
@कोरडीविहीर कुणाचं कुणाशी जमलं ते लिहा की, इथं कोण ओळखतंय

कोरडीविहीर:
माझंच जमलं होतं. तोच शेजारी बसून वाचतोय, म्हणून पुढचं लिहीत नाही.

बारीकर:
😂😂 आलो परत. भात करपला.

सांजवेळ:
रानजाई, मावशीकडून करवंदं घेतलीस की नुसता वास?

रानजाई:
घेतली गं. २० रुपयांचा एवढासा द्रोण. रिक्षात बसून एकटीच फोडत होते, सगळ्या कोंबड्याच निघाल्या.