बडोद्यातले वाडे रिकामे झाले ते रिफायनरीमुळेच का?

दांडियाबाजारवाला:
आजोबा गायकवाड सरकारात कारकून, बाबा शहराजवळ कोयलीला तेलाच्या रिफायनरीत ऑपरेटर. बाबांच्या लहानपणी आमच्या वाड्यात ११ बिऱ्हाडं होती म्हणे, १९८० पर्यंत ३ उरली. घरात कुणालाही विचारा, उत्तर एकच, "रिफायनरी आली ने". एका कारखान्याने एवढं होतं का खरंच?

जुना_बडोदेकर:
एकटी रिफायनरी नाही हो. १९६० ला अंकलेश्वरला तेल लागलं, ६३ ला नेहरूंनी कोयलीला पायाभरणी केली, रशियाच्या मदतीने ६५ ला पहिलं युनिट चालू झालं, मग ६७ ला छाणीकडे खत कारखाना आणि ६९ ला आयपीसीएल, म्हणजे पेट्रोकेमिकलवाली सरकारी कंपनी. पण माझ्या मते सुरुवात त्याच्याही आधीची. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि "पोरगा मॅट्रिक झाला की राज्याच्या नोकरीत चिकटवू" हे संपलं. त्यात सयाजीरावांनी १९०६ लाच शिक्षण सक्तीचं केलेलं आणि विद्यापीठही ४९ चंच, त्यामुळे शिकलेली पोरं घरोघर तयारच होती, कारखान्यांना आयतीच मिळाली.

मांडवीची_लेक:
तुम्ही बसा सालं मोजत 😄 आमच्याकडे बदल स्टाफ बसमधून आला. पप्पांची शिफ्ट ड्यूटी, नाईट करून सकाळी येऊन झोपणार, आणि वाड्यात तेव्हाच नळावर भांडणं, चौकात धुणं आपटणं, पोरांचा दंगा, वर आजीची घंटा. आई दाराला आतून गोधडी टांगायची, तरी पप्पा तासाभरात उठून बसायचे. क्वार्टर मिळालं तेव्हा आईला सगळ्यात जास्त कशाचं कौतुक, तर घरातल्या नळाचं आणि स्वतःच्या संडासाचं. शेजारी मल्याळी, समोर बिहारी, वाट्या इकडून तिकडे फिरायला लागल्या आणि आजीचं सोवळं कधी सुटलं तिलाही कळलं नाही. म्हणजे तिच्या समोर कुणी बोलायचं नाही हां.

जुना_बडोदेकर:
हे मात्र माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचे वडील शाळेत मास्तर, दुपारी झोपायचा प्रश्नच नव्हता.

दांडियाबाजारवाला:
गोधडीचं वाचून आईला फोन लावला. म्हणाली आपल्याकडे सतरंजी होती. मग विचारलं, ती शेवटची ३ बिऱ्हाडं कुणाची गं? एक बँकेत, एक कोर्टात, एक शाळेत. तिघंही रात्री घरी झोपणारे.