रक्तातील सायटोकाइन आणि स्वमग्नता: वाढलेल्या आकड्याचा अर्थ काय लावावा?

प्रश्न – शंकेखोर_पालक

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान पूर्वीच झाले आहे. अलीकडे एका परिचितांच्या आग्रहावरून त्याच्या रक्तातील सायटोकाइनांची, म्हणजे प्रतिकारपेशींमध्ये संदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनांची, तपासणी करून घेतली. अहवालात त्यांपैकी इंटरल्यूकिन-६ संदर्भमर्यादेपेक्षा जास्त आणि टीजीएफ-बीटा-१ कमी आहे. बाकीचे आकडे मर्यादेत आहेत. स्वमग्न मुलांत नेमके असेच आढळते असे माझ्या वाचनात आले. तेव्हा मुलाच्या स्वमग्नतेचे मूळ प्रतिकारसंस्थेत आहे असे यावरून म्हणता येईल का, आणि दाह कमी करणारे उपचार सुरू करावेत का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – पेशीवाचक

आपण वाचले ते चुकीचे नाही. २०१५ मध्ये १७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात ७४३ स्वमग्न व्यक्तींची तुलना ५९२ इतर व्यक्तींशी केली होती आणि इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, इंटरफेरॉन-गॅमा यांची पातळी स्वमग्न गटात जास्त, तर टीजीएफ-बीटा-१ ची कमी आढळली होती. मात्र हा फरक दोन गटांच्या सरासरीतला आहे. प्रत्यक्षात दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की पुष्कळ स्वमग्न मुलांचे इंटरल्यूकिन-६ अगदी सामान्य असते, आणि स्वमग्नता नसलेल्या अनेक मुलांचे ते वाढलेले असते. त्यामुळे एका मुलाच्या अहवालावरून कारणाकडे उलटे चालत जाता येत नाही.

शिवाय इंटरल्यूकिन-६ हा अतिशय चंचल रेणू आहे. साधी सर्दी, हिरड्यांची सूज, अपुरी झोप, वाढलेले वजन, एवढेच काय, नमुना घेतल्यावर रक्त वेगळे करायला झालेला उशीर, यांपैकी कशानेही आकडा बदलतो. टीजीएफ-बीटा-१ तर रक्तबिंबिकांत (प्लेटलेटमध्ये) साठलेले असते, म्हणून नमुना गुठळी होऊ दिलेल्या रक्ताचा होता की गुठळी होऊ न दिलेल्या, यावरही उत्तर अवलंबून असते. अहवालात हे नमूद आहे का, तेवढे पाहावे.

उत्तर – मज्जाविचार

वरील उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यावरून प्रतिकारसंस्थेचा स्वमग्नतेशी संबंधच नाही असा समज होऊ नये. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी मृत्यूनंतर मिळालेल्या मेंदूच्या ऊतींत मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील प्रतिकारपेशी, सक्रिय झाल्याचे दाखवले आणि हा बदल लहान मेंदूत विशेष ठळक होता. मेंदूतील ही स्थिती आणि हातातून काढलेल्या रक्तातील आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र विसरू नये.

माझ्या मते या विषयातील सर्वांत भक्कम धागा मुलाच्या रक्तात नसून गर्भारपणात आहे. गर्भवती उंदरांना विषाणुसंसर्गासारखी प्रतिक्रिया उत्पन्न करणारा पदार्थ टोचल्यावर पिल्लांच्या वर्तनात बदल दिसतात. २००७ च्या एका प्रयोगात इंटरल्यूकिन-६ निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे दिल्यावर हे बदल बऱ्याच अंशी टळले, तर २०१६ मध्ये इंटरल्यूकिन-१७ए बाबत तसेच दिसले. माणसांत चित्र इतके स्वच्छ नाही. फिनलंडमधील २०१४ च्या अभ्यासात गर्भवतींच्या रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे दाह असताना वाढणारे प्रथिन, वाढलेले असताना मुलांत स्वमग्नतेचा धोका अधिक आढळला. दोनच वर्षांनी कॅलिफोर्नियातील अभ्यासात संबंध उलट निघाला. स्वमग्न मुलांच्या काही मातांच्या रक्तात गर्भाच्या मेंदूतील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात, हेही खरे. पण ती सर्व मातांत नसतात.

उत्तर – जनुकवाटा

मज्जाविचार यांच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडतो. २०११ मध्ये मेंदूतील जनुकांच्या अभिव्यक्तीचा, म्हणजे कोणती जनुके किती सक्रिय आहेत याचा, अभ्यास झाला, तेव्हा स्वमग्न व्यक्तींच्या मेंदूत चेतापेशींशी संबंधित जनुकांचा एक समूह मंदावलेला आणि प्रतिकार व ग्लिया (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशींशी संबंधित दुसरा समूह वाढलेला दिसला. वंशागत धोक्याच्या खुणा पहिल्या समूहात एकवटलेल्या होत्या, दुसऱ्या समूहात नव्हत्या. याचा एक सरळ अर्थ असा की प्रतिकारसंस्थेची हालचाल हा अनेकदा मूळ बिघाडाचा परिणाम असावा. कारण आणि परिणाम यांची गल्लत करून औषध सुरू करणे हीच येथील खरी जोखीम आहे.

शंकेखोर_पालक

सर्वांचे आभार. तपासणी पुन्हा करून पाहावी का? आणि तपासणी सुचवणाऱ्यांनी स्टेरॉइडचा विषय काढला होता, त्याचे काय?

उत्तर – पेशीवाचक

केवळ स्वमग्नतेसाठी पुन्हा तपासणी करून हाती काही लागणार नाही. स्वमग्नतेचे निदान आजही वर्तनाच्या निरीक्षणावरूनच होते. त्यासाठी मान्यताप्राप्त अशी एकही रक्तचाचणी नाही. दुसरे स्वतंत्र वैद्यकीय कारण नसताना लहान मुलाला दीर्घकाळ स्टेरॉइड दिल्यास उंची खुंटते आणि संसर्गाचा धोका वाढतो, त्यामुळे या एका आकड्यासाठी ते देण्याला आधार नाही. अशा तपासण्यांबरोबर चिलेशन (औषधाने शरीरातील जड धातू बाहेर काढणे) किंवा उच्चदाबाच्या कक्षातील प्राणवायू सुचवला गेला, तर इंग्लंडमधील नाइस या वैद्यकीय मार्गदर्शक सूचना देणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या सूचना मुलांच्या स्वमग्नतेसाठी हे दोन्ही वापरू नयेत असे स्पष्ट सांगतात.

आकडा वाढलेला आहे म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून मुलाचे कान, दात, घसा, त्वचा आणि पोट यांची नीट तपासणी मात्र करून घ्यावी. बोलून सांगता न येणाऱ्या मुलांत जुना कानाचा संसर्ग, किडलेला दात किंवा बद्धकोष्ठता बराच काळ लक्षात येत नाही आणि त्यांची वेदना चिडचिड किंवा झोपमोड म्हणून दिसते. असे काही निघाले, तर त्याचे उपचार सरळ, परिचित आणि तत्काळ करता येण्याजोगे असतात.