मदत हवी आहे: तेर्सानंतरचं आत्मपरीक्षण आणि ख्रिस्तपुराणाचं वाचन

नमस्कार मंडळी. फोंड्यात मराठीतून प्रार्थना करणाऱ्या एका छोट्या गटासाठी विचारते आहे.

रात्री तेर्स (जपमाळेची प्रार्थना) झाला की इग्नेशियन (संत इग्नेशियस लोयोला यांच्या) पद्धतीचं १५ मिनिटांचं आत्मपरीक्षण: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. घोळ होतो तो उजळणीत. आभार दोन वाक्यांत उरकले की पुढे नुसती चुकांची यादी होते, नाहीतर डुलकी लागते. म्हणून आभाराला निदान ४ मिनिटं आणि उजळणी तासातासाने करायची, असं ठरवलंय. बसायला पाट, खुर्ची नाही (झोपेवरचा उपाय!).

खरी अडचण सकाळची. लेक्सिओ दिविनासाठी (पवित्र मजकूर सावकाश वाचून त्यावर मनन-प्रार्थना करणं) फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्तकथेचं ओवीबद्ध काव्य, घ्यायचं आहे. १६१६ साली गोव्यातल्या राशोलला छापलेलं आपल्याच मातीतलं मराठी. पण १० ओव्या घेतल्या की जुन्या शब्दांपाशी अडायला होतं, मनन राहतं बाजूला आणि अभ्यासवर्ग सुरू होतो. बायबलमधल्या स्तोत्र २३ च्या सहा वचनांत असं होत नाही.

मग ओव्या ३–४ वरच थांबवाव्यात? शब्दार्थ आदल्या रात्रीच पाहून ठेवावेत का? आणि चालीवर म्हटल्याने मन स्थिरावतं की चालीतच अडकतं? करून पाहिलेल्यांनीच सांगा.