‘फँड्री’ मोठेपणी पुन्हा बघताना

प्रश्न: शाळेत असताना ‘फँड्री’ (२०१३) हा सिनेमा पाहिलेला, त्यातला जब्या आणि त्याला आवडणारी शालू एवढंच आठवतंय. आता कशाकडे लक्ष देऊ? शिवाय टीव्हीवर चित्र मालिकेसारखं गुळगुळीत का दिसतं?

प्रतिसाद १: टीव्हीच्या सेटिंगमधलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः बनवून घालतो. संवाद उठवणारा साउंड मोडही नको, हलगी दबते.

प्रतिसाद २: डुकरं धरायचा शेवटचा भाग सलग बघा, मोबाईल लांब ठेवून. राष्ट्रगीत लागतं आणि डुक्कर समोर असूनही सगळे जागीच थांबतात. पुढे डुक्कर वाहून नेताना मागे भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं आहेत. लहानपणी नजर जब्यावरच खिळते, भिंत सुटून जाते.

प्रतिसाद ३: किशोर कदमांनी साकारलेला जब्याचा बाप बघा. तेव्हा नुसता रागीट वाटतो. त्याची लाचारी आता दिसेल.